कवचातच राहिलेली पिल्लं

त्या सकाळी उबवणीच्या खोलीचं दार उघडलं आणि आत पाय टाकायच्या आधीच मी थबकले. पिल्लं निघायच्या दिवशी त्या खोलीत असा कलकलाट असतो की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. त्या दिवशी नुसता यंत्राचा पंखा घरघरत होता. मधूनच कुठल्यातरी खणातून एखादं पिल्लू चिवचिवायचं आणि लगेच गप्प व्हायचं.

"दादा!" मी हाक मारली. "दादा, लवकर ये!"

दुमानदादा अंगणातून धावत आला. हातातल्या चिमट्यात पेटती कोळशाची वडी तशीच होती. त्यानं आधी ती शेगडीत ठेवली, राख झटकली आणि मग यंत्राचा सगळ्यात खालचा खण ओढला.

खण अंड्यांनी भरलेला होता. पिल्लांनी भरलेला असायला हवा होता. बहुतेक अंड्यांवर टोच मारल्याची साधी भेगसुद्धा नव्हती. काही अंड्यांना बारीक भोक पडलं होतं आणि त्यातून चोचीचं टोक दिसत होतं, पण चोच हलत नव्हती. बाहेर आलेली थोडी पिल्लं ओल्या पिसांनी एका कुशीवर पडली होती. माना ताणलेल्या, चोची उघड्या.

दादानं एक पिल्लू तळहातावर घेतलं.

"ओक्बुन, याची मान बघ. वाकडी वाटते का गं?"

त्याला काय विचारायचं होतं ते मला कळलं. मानमोडी. हा शब्द आमच्या गिम्जेच्या सपाटीवर त्या हिवाळ्यात कुणी मोठ्यानं उच्चारत नव्हतं. नव्या वर्षाचा सण व्हायच्या आधी ओढ्याच्या खालच्या अंगाला एका गावात ती आली होती. पांढरे झगे घातलेली माणसं आली, खड्डे खणले, चुना टाकला, आणि गावातली एकूण एक कोंबडी, आजारी नि धडधाकट, त्यात गेली. वारा आमच्या दिशेनं वाहत होता, दोन दिवस तो वास आमच्या भाताच्या मडक्यापर्यंत येत होता.

"वाकडी नाही," मी म्हटलं. "दमल्यासारखी आहे."

"आत्ताच तर जन्मलंय. दमायला त्यानं काय भात लावलाय?"

एरवी यावर आम्ही दोघं हसलो असतो. दादानं खण हळूच आत ढकलला, जणू आतलं कुणी जागं होईल. "आईला सांगू नकोस," तो म्हणाला.

पण आई दारातच उभी होती.

माझ्या आईपासून कधी काही लपलं नाही. वडील गेल्यावर तिनं आम्हा दोघांना आणि त्या घराला एकटीनं धरून ठेवलं होतं. घाबरलं की ती भांडायला लागायची; आवाज चढला की समजावं, बाई घाबरलीये.

"मी सांगत होते! तुझी बायको बाळंतीण आहे, अशा घरात रक्त सांडू नये. आणि तू काय केलंस? परवा अंगणात कोंबडी कापलीस!"

"तिच्याच सुपासाठी कापली ना, आई?"

"समुद्रातल्या शेवाळाचं सूप असतं बाळंतिणीला! कोंबडी तुला खायची होती. आणि तो बेक्! काडेपेटी मागायच्या निमित्तानं दोराखालून वाकून आत आला. परक्यानं आत येऊ नये म्हणून फाटकाला दोर बांधलाय, कोळसे लावलेत, पाइनच्या डहाळ्या लावल्यात, आंधळ्यालाही दिसेल. त्याला दिसला नाही! घरात नवा जीव आलाय, त्याच्या वाटेत कुणी आलं की दुसरे जीव जातात."

बेक्काका ओढ्यापलीकडे राहायचे. त्यांची अंडी आम्ही आमच्या यंत्रात उबवून द्यायचो, म्हणजे त्या खणांत त्यांचीही पिल्लं मेलेली होती. त्यांना काय सांगायचं, हा विचार त्या क्षणी दादाच्या चेहऱ्यावर आला आणि तो मटकन पेटीवर बसला. मागच्या खेपेलाही पिल्लं कमी निघाली होती, जी निघाली ती रेंगाळत, उशिरानं निघाली होती. आम्ही विजेला दोष दिला होता. हिवाळ्यात संध्याकाळी दिवे मंदावायचे, तशी यंत्राची ऊबही उतरली असेल असं म्हणालो होतो. म्हणून दादानं खिडक्यांना प्लास्टिक ठोकलं, फटींत चिंध्या कोंबल्या आणि शेगडी रात्रंदिवस पेटती ठेवली. आता वीज नीट होती, खोली उबदार होती, आणि पिल्लं आधीपेक्षा जास्त मेली होती.

"कोंबड्यांच्या डॉक्टरला, योमला बोलावतो," दादा म्हणाला.

"मुळीच नाही," आई म्हणाली. "तो सरकारी माणूस. त्याच्या मागून चुन्याची पोती येतील."

"आणि नाही बोलावलं तर? आपल्या घरातून रोग सगळ्या सपाटीवर जाईल. मग लोक आपल्यालाच चुन्यात घालतील."

तो सायकल काढून निघून गेला. आई स्वयंपाकघरात गेली आणि भांडी आपटायला लागली.

मी सूप घेऊन मागच्या खोलीत गेले. तिथे सुनिमवहिनी होती, तिच्या मुलीसह. पोरगी अजून तीन आठवड्यांची व्हायची होती, म्हणून तिचं नावही ठेवलं नव्हतं. आईनं त्या खोलीची खिडकी आणि दाराच्या फटी कागदानं चिकटवून टाकल्या होत्या. बाळंतिणीच्या सांध्यांत वारा शिरला की म्हातारपणापर्यंत हाडं ठणकतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आत जायला दाराचं एक पान तेवढं उघडायचं, आणि गेलं की लगेच लावून घ्यायचं.

खोली उबदार होती. आमच्याकडे जमिनीखाली पोकळ वाटा असतात, त्यांतून जाळाची धग खोलीभर फिरते; आई रोज पहाटे स्वयंपाकघराच्या बाजूनं तिथे भाताचा पेंढा जाळायची, ती ऊब दुपारपर्यंत टिकायची. वहिनी भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"वहिनी, सूप आणलंय."

"ठेव," ती म्हणाली. बऱ्याच वेळानं म्हणाली. "डोकं फार जड आहे गं. उठले की खोली फिरते."

"अंगात रक्त कमी असेल."

"आई म्हणतात, उलट रक्त चढलंय." ती माझ्याकडे वळली. खरंच, तिचे गाल छान गुलाबी झाले होते. बाळंतपणाआधी ती पांढरीफटक पडली होती, आता वसंतातल्या टेकडीवरच्या अझेलियाच्या फुलासारखी दिसत होती. आई चार दिवस सगळ्यांना सांगत होती, बघा, माझ्या सुपाचा गुण.

"बाळ?"

"झोपलंय. रडतच नाही आता. प्यायलाही उठत नाही. आई म्हणतात, गुणी आहे."

मी वाकून बाळाकडे पाहिलं. वाकल्याबरोबर माझ्याही कपाळात कळ आली. ती मला कितीतरी दिवस येत होती. मी उबवणीच्या खोलीत बसून पिल्लांचे नर-मादी निवडायचे, यंत्रं धुवायचे, तिथल्या औषधाच्या उग्र वासानं डोकं धरतं असं मी धरून चालले होते. बाळाच्या ओठांवर दुधाचा थेंब सुकलेला होता. ते श्वास घेतंय की नाही हे बघायला मला क्षणभर थांबावं लागलं. मग छाती हलली. मी बाहेर आले आणि दार नीट लावून घेतलं.

योम डॉक्टर दुपारच्या जेवणाआधी मोटारसायकलवरून आला. जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय कचेरीत तो नोकरीला होता. शाळेत दादाच्या मागच्या वर्गात होता, म्हणून तो त्याला अजून 'दुमानदादा' म्हणायचा. उंच, किडकिडीत, तोंडात कायम सिगरेट. फाटकाजवळचा दोर पाहून तो बाहेरच थांबला.

"मावशी, दोराला मुलाच्या मिरच्या नाहीत, म्हणजे मुलगी झाली वाटतं? अभिनंदन! मी मागच्या बाजूनं येतो, दोराखालून नाही. माझी आई अजून जिवंत आहे, तिला कळलं तर मला बदडेल."

आईनं मान फिरवली, पण तिला ते आवडलं होतं हे मला कळलं.

उबवणीच्या खोलीत त्यानं आधी काही केलं नाही. नुसता उभा राहिला, ऐकत. मग म्हणाला, "दुमानदादा, तुझा चेहरा पिल्लांपेक्षा वाईट आहे. बस. ओक्बुन, मला प्रत्येक खणातली न फुटलेली अंडी दे. वरच्या खणातली वेगळी, खालच्या खणातली वेगळी. तुमच्या कोंबड्यांची आणि बेक्काकांची मिसळू नकोस."

मी टोपल्या मांडल्या. त्यानं बाही वर सारली आणि अंड्याचं बोथट टोक चिमट्यानं फोडायला सुरुवात केली.

"सरकार मला अंडी फोडायचा पगार देतं," तो म्हणाला, "आणि घरी बायको एक फोडू देत नाही. म्हणते, कवच पडतं."

कुणी हसलं नाही. तो फोडत गेला आणि हळूहळू त्याचंही बोलणं कमी झालं. काही अंड्यांत नुसता बलक होता, ती रुजलेलीच नव्हती. ती त्यानं बाजूला सारली, तशी थोडी सगळीकडे असतातच. सुरुवातीच्या दिवसांत मेलेले जीव फारसे नव्हते. बाकी सगळ्यांत पूर्ण वाढलेली पिल्लं होती. पिसं आलेली, नखं आलेली, बलक पोटात ओढून घेतलेला. डोकं पंखाखाली, चोच वरच्या हवेच्या कप्प्यात. बाहेर पडायला एका टोचेचं अंतर.

"हवेच्या कप्प्यात पोचली," योम स्वतःशी म्हणाला, "पहिला श्वास घेतला, आणि मेली."

"मानमोडी?" दादानं विचारलं. शब्द अखेर त्याच्या तोंडून निघाला.

"थांब. तुमच्या मोठ्या कोंबड्या कशा आहेत? अंडी कमी झाली? मऊ कवचाची? खोकतायत?"

"नाही. खातात, भांडतात, अंडी देतात."

"बेक्काकांच्या?"

"त्याही ठीक आहेत."

"मग कोंबड्यांतून आलेला रोग असेल तर दोन्ही घरांच्या अंड्यांत सारखाच कसा येईल? दोघांचे कळप वेगळे, दाणा वेगळा." त्यानं एका पिल्लाचं पोट उघडलं. "यकृतावर पांढरे ठिपके नाहीत. बलक कुजलेला नाही, वास नाही. बेंबी मिटलेली. ओलावा कमी पडला असता तर पिल्लं कवचाला चिकटली असती. ऊब जास्त झाली असती तर आधीच बाहेर पडायची घाई करून मेली असती." तो थांबला. "खालच्या खणात जास्त मेलीत ना?"

"हो," मी म्हटलं. "खालच्या, आणि त्या भिंतीकडच्या."

दादाच्या खांद्यांवरचा भार उतरताना मला दिसला. रोग नाही. चुना नाही. त्यानं खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. मला मात्र बरं वाटत नव्हतं, कारण मी योमच्या चेहऱ्याकडे पाहत होते. तो उघडलेलं पिल्लू घेऊन दारापाशी गेला, उजेडात धरलं. मग दुसरं घेतलं. तिसरं. सिगरेट त्याच्या ओठांत विझली होती आणि त्याला ते कळलं नव्हतं.

"ओक्बुन," तो म्हणाला, "तू रोज मेलेली पिल्लं पाहतेस. त्यांचं मांस कसं असतं?"

"काळपट. जांभळं पडतं."

"हे बघ."

त्या पिल्लाचं मांस लालभडक होतं. रक्त ताज्या मिरचीच्या लगद्यासारखं, अगदी तजेलदार. आदल्या दिवशी मेलेलं पिल्लू, आणि आत्ता कापल्यासारखं ताजं. बाकीचीही तशीच. इतकं सुंदर लाल मी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्या सुंदरपणानंच माझ्या अंगावर काटा आला.

"हा कोळशाचा गॅस आहे," योम म्हणाला.

दादानं शेगडीकडे पाहिलं. आमच्या देशात तेव्हा लहान मुलालाही तो गॅस माहीत होता. दर हिवाळ्यात कुठल्या ना कुठल्या घरात माणसं संध्याकाळी झोपायची आणि सकाळी उठायची नाहीत. पण ते झोपायच्या खोल्यांत व्हायचं, जमिनीखाली कोळसा जाळणाऱ्या घरांत. या खोलीत कुणी झोपत नव्हतं. आमच्या झोपायच्या खोल्यांखाली आई पेंढा जाळायची, आणि त्याचा तिला केवढा अभिमान! म्हणून आमच्यापैकी एकाच्याही मनात ते आलं नाही.

योमनं शेगडीचा धुराचा नळ हातानं चाचपला. कोपरापाशी सांधा गंजून उसवला होता. बाहेर वर पाहिलं तर नळाच्या तोंडाशी बर्फाचा गोळा जमला होता. खिडक्या आम्हीच बंद केल्या होत्या.

"गॅस इथेच कोंडतोय. पंखा तो यंत्रात ओढतो. पिल्लू कवचात असेपर्यंत तग धरतं, चोच हवेत घातली की संपलं. ओक्बुन, तुझं डोकं दुखतं का?"

"दुखतं," मी म्हटलं. "वहिनीचंही..."

योम माझ्याकडे वळला.

"वहिनी या खोलीत येते?"

"नाही. ती बाळंतीण आहे. ती..." माझा हात आपोआप शेगडीमागच्या भिंतीकडे गेला. "ती या भिंतीपलीकडे आहे."

"तिथे कोळसा जाळता?"

"छे. पेंढा. स्वयंपाकघराच्या बाजूनं."

"आणि हे काय आहे?"

शेगडीमागे, भिंतीच्या बुडाशी, विटांचा एक चौकोन होता. दादा म्हणाला, आवाज कुठूनतरी लांबून आल्यासारखा, "जुनं तोंड. त्या खोलीखाली जाळ घालायचं तोंड आधी इकडे होतं. ही खोली बांधली तेव्हा मी ते विटा-चिखलानं बुजवलं. पक्कं बुजवलंय, योम. मी स्वतः लिंपलंय."

योम गुडघ्यांवर बसला. शेगडीच्या धगीनं चिखल वाळून तडकला होता. विटांच्या मधून काळ्या रेघा दिसत होत्या. त्यानं विझलेली सिगरेट पुन्हा पेटवली, एक झुरका घेतला आणि धूर त्या विटांसमोर सोडला.

धूर वर गेला नाही. क्षणभर हवेत थांबला, मग सापासारखा वळला आणि त्या काळ्या रेघांतून आत शिरला. सगळा. भिंतीनं तो ओढून घेतला.

मला पुढचं नीट आठवत नाही, एवढंच आठवतं की मी पळत होते आणि माझा एक बूट कुठेतरी निघून पडला. अंगणातल्या गोठलेल्या जमिनीवर अनवाणी पाय आपटत होता. मागून योम ओरडत होता, "दार उघडा! आधी दार उघडा!"

आई मागच्या खोलीच्या ओट्यावर बसून लसूण सोलत होती. योमला धावत येताना पाहून ती उठली आणि दोन्ही हात पसरून दारासमोर उभी राहिली. त्याचे हात कोपरापर्यंत रक्तानं माखलेले होते.

"तिथेच थांब!" ती किंचाळली. "मेलेल्या जीवांचं रक्त घेऊन बाळंतिणीच्या खोलीत? परका पुरुष? माझ्या प्रेतावरून जा!"

"मावशी, आत गॅस आहे!"

"कसला गॅस? माझ्या घरात कोळसा नाही! ती झोपलीये. बाळ झोपलंय. आत्ता पाहून आले मी, गाल कसे गुलाबी..."

गुलाबी हा शब्द ऐकला आणि माझ्या डोळ्यांपुढे ते उघडलेलं पिल्लू आलं. मी आईला धक्का दिला. आयुष्यात त्याआधी नाही, त्यानंतर नाही; पण त्या दिवशी मी माझ्या आईला दोन्ही हातांनी ढकललं आणि ती लसणाच्या टोपलीवर पडली.

दार ढकललं. उघडेना. आतून काहीतरी आडवं पडलेलं होतं. मी खांदा लावला, कागदाच्या पट्ट्या टरकन फाटल्या आणि दार थोडं सरकलं. फटीतून मला वहिनीचा हात दिसला. ती दारापर्यंत सरपटत आली होती. उठता येत नव्हतं, हाक मारता येत नव्हती, आणि पलीकडे ओट्यावर तिची सासू लसूण सोलत बसली होती.

दादानं दार खाचेतून उचलून अंगणात भिरकावलं. वहिनीला काखेत धरून बाहेर ओढलं. मी तिच्यावरून उडी मारून आत गेले. खोली छान उबदार होती. कसलाही वास नाही, धूर नाही. सूप तसंच ठेवलेलं, वर तेलाचे गोल जमलेले. ती शांतता मला अजून झोपेत ऐकू येते. मी पांघरुणासकट बाळ उचललं. ते इतकं सैल होतं, की मला वाटलं रिकामं पांघरूणच उचललंय.

"बाहेर! गार हवेत! तोंड उघडं ठेव!" योम ओरडत होता.

अंगणात वारा सुरीसारखा लागत होता. दोघींना पेंढ्याच्या चटईवर ठेवलं. उजेडात वहिनीचा चेहरा पाहिला आणि दादाच्या तोंडून एक आवाज निघाला, माणसाचा न वाटणारा. ती मेलेली दिसत नव्हती. लग्नाच्या दिवशी दिसली होती तशी दिसत होती, गाल रंगवलेले, ओठ रंगवलेले. फक्त डोळे अर्धवट उघडे होते आणि ते कुणाकडे बघत नव्हते.

योमनं बाळाच्या नाकातोंडावर आपलं तोंड ठेवलं आणि हलकी फुंकर घातली. पुन्हा घातली. पिल्लांच्या रक्तानं माखलेले हात त्यानं पाठीमागे धरले होते, बाळाला लागू नयेत म्हणून. आई हे पाहत होती. ती उठली, लंगडत स्वयंपाकघरात गेली आणि मुळ्याच्या लोणच्याचं गार पाणी वाडग्यात घेऊन आली. गॅस लागलेल्याला आमच्याकडे तेच देतात. वहिनीच्या ओठांशी वाडगा नेताना अर्धं पाणी चटईवर सांडलं.

"नका देऊ, मावशी," योम मान वर न करता म्हणाला. "शुद्ध नाही, ठसका लागेल. तिचे पाय चोळा."

आईनं वाडगा ठेवला आणि सुनेचे पाय मांडीवर घेतले. त्या घरात सासूनं सुनेचे पाय मांडीवर घेतलेले मी पहिल्यांदा पाहिले. ती चोळत होती आणि पुटपुटत होती, "ऊठ गं, सूनबाई, ऊठ. मी कागद चिकटवले गं. मीच चिकटवले."

मग बाळ खोकलं. अगदी बारीक, मांजराच्या पिल्लासारखं. मग त्यानं तोंड वाकडं केलं आणि रडलं. आम्ही सगळे त्या रडण्याकडे असे पाहत राहिलो, जणू कुणी हललं तर ते थांबेल. ते थांबलं नाही.

वहिनी उठली नाही. श्वास होता, पण वरवरचा. पिल्लं पोचवायची तीनचाकी गाडी दादानं अंगणात आणली. मागे चटईवर वहिनी, तिचं डोकं आईच्या मांडीवर. बाळ माझ्या कोटात. योम मोटारसायकलवर पुढे, रस्त्यातल्या बैलगाड्या बाजूला करत, घसा फाटेस्तोवर ओरडत. शहरातल्या इस्पितळात लोखंडाचं एक मोठं पिंप होतं, त्यात माणसाला झोपवून दाबाची हवा सोडायचे. पिंपाला एक गोल काच होती. वहिनीला त्यात नेऊन झोपवल्यावर दादा त्या काचेला कपाळ लावून उभा राहिला. मला तेव्हा वाटलं, यंत्राच्या काचेतून अंड्यांकडे बघतो तसाच बघतोय. मी त्याच्याकडे बघायचंच सोडलं.

योम बाकावर माझ्याशेजारी येऊन बसला. हात धुतले होते, तरी नखांत लाल होतं.

"तुम्हाला रंगावरून कसं कळलं?" मी विचारलं.

"शिकत होतो तेव्हा आम्ही तिघं एका खोलीत राहायचो. एका सणाला मी घरी गेलो होतो. परत आलो तेव्हा दोघंही झोपलेले होते. मला वाटलं, थंडीनं गाल लाल झालेत." त्यानं सिगरेट काढली, पाहिली आणि परत खिशात ठेवली. "मी त्यांना झोपू दिलं. चहा करत बसलो."

बाळ माझ्या कोटात झोपलं होतं आणि मी दर थोड्या वेळानं त्याला मुद्दाम चिमटा काढून रडवत होते. परिचारिका मला रागावली. मी तरी थांबले नाही.

वहिनीनं दुसऱ्या दिवशी डोळे उघडले. दादाला ओळखलं. मला ओळखलं. आईला पाहून म्हणाली, "आई, पोटात दुखतंय. वेळ झाली वाटतं." आम्ही बाळ तिच्या हातात दिलं तर ती गोंधळून आमच्या तोंडांकडे बघत राहिली, की हे कुणाचं. तो सगळा महिना तिच्या डोक्यातून पुसला गेला होता. डॉक्टर म्हणाले, येईल परत हळूहळू. काही आलं. बाळंतपण आलं नाही.

वहिनी घरी परतायच्या आधी दादानं ती शेगडी उचलून ओढ्यात फेकली, खिडक्या फोडल्या आणि ते जुनं तोंड दगड-सिमेंटनं भरलं. उबवणीचं यंत्र बेक्काकांच्या रिकाम्या गोदामात हलवलं. त्यात तेव्हा जी अर्धवट उबलेली अंडी होती, त्यांतून पुढे चांगली, टणक पायांची पिल्लं निघाली. बेक्काकांनी ती टोपलीत घेऊन गावभर मिरवली. माझ्या मनातली भीती मात्र गेली नाही. पिल्लं निघायची वेळ आली की मी आदल्या दिवसापासून यंत्राला कान लावून बसते. अजून बसते.

मुलीचं नाव आईनं ठेवलं, सोरी. आमच्या भाषेत त्याचा अर्थ आवाज. आई त्यानंतर कधी कुणावर ओरडली नाही असं मी म्हणणार नाही. पुढच्याच आठवड्यात ती बेक्काकांवर ओरडली. पण सुनेच्या खोलीचं दार ती थंडीतही स्वतः उघडून ठेवायची.

कधीकधी संध्याकाळी भांडी आवरताना वहिनी विचारायची, "आई, सोरी झाली तेव्हा मी फार ओरडले का हो?"

आणि आई हातातलं काम ठेवून सांगायला बसायची. पहाटेपासून कळा कशा सुरू झाल्या, बाहेर बर्फ कसा पडत होता, दादा कसा भांबावून दोनदा विहिरीवर गेला आणि दोन्ही वेळा रिकामी घागर घेऊन आला. पोरगी बाहेर आली तेव्हा कशी रडली, इतकी मोठ्यानं, की कोंबड्या जाग्या झाल्या. दर वेळी गोष्टीत थोडं काहीतरी वाढायचं. त्या पहाटे बर्फ पडत नव्हता, मला आठवतं. आकाश मोकळं होतं. पण वहिनी तोंड उघडं टाकून ऐकत असायची, आणि मी मधे बोलायची नाही.